नमुना क्रमांक एक्केचाळीस

धाकटीला कुणालाही फोन करायचा असला, की त्याआधी एक फोन करावा लागे. नळ दुरुस्त करणाऱ्याला बोलवायचंय? आधी ताईला फोन. दाताच्या डॉक्टरची वेळ बदलून घ्यायचीय? आधी ताईला फोन. वरच्या मजल्यावरच्या बाईंना 'तुमच्या कपड्यांचं पाणी आमच्या खिडकीत गळतं' एवढं एक वाक्य सांगण्यासाठी तिनं ताईला तीनदा फोन केला होता, आणि चौथ्या वेळी ताईनंच वैतागून त्या बाईंना परस्पर सांगून टाकलं होतं.

दोघी बहिणी याला तालीम म्हणत. तालमीचे नियम ठरलेले होते. ताई विचारायची, "बोल धाकटे, समोर कोण आहे?" धाकटीनं सांगायचं. मग ताई म्हणायची, "बरं. मी ती, तू तू. कर सुरू." की लगेच ताईचा नळवाला व्हायचा, कंपाउंडर व्हायचा, बँकेतली तुसडी बाई व्हायची. असे एकेक आवाज काढायची, की भीती बाजूला राहून धाकटीची हसून मुरकुंडी वळायची. तीन वेळा म्हणायचं. 'माफ करा' एकदाच चालेल. तिसऱ्यांदा जमलं की ताई म्हणायची, "झालं. जा आता." आणि धाकटी जायची.

बेचाळीस वर्षांच्या बाईनं असं करावं का, असं कुणी विचारेल. खुशाल विचारावं. गुडघे दुखणाऱ्याला आपण काठी का घेतलीस म्हणून हटकत नाही, पण चारचौघांत घसा कोरडा पडणाऱ्याला मात्र 'अगं त्यात घाबरण्यासारखं काय आहे' म्हणून उपदेश करायला सगळे पुढे. ताईनं तसं कधी म्हटलं नव्हतं. धाकटीच्या लेखी ताईचं मोठेपण त्यातच होतं.

ताई एका संस्थेत माणसांच्या बोलण्याचा अभ्यास करायची. गेली काही वर्षं तिचं काम एआयचं होतं. माणूस कसा बोलतो, कुठं अडतो, कुठली वाक्यं अर्धवट सोडतो, हे लँग्वेज मॉडेलला, म्हणजे भाषा शिकणाऱ्या यंत्राला, वाचायला द्यायचं आणि त्यावरून या माणसाला लोकांची भीती वाटते का ते ओळखायचं. धाकटीला त्यातलं फारसं कळत नसे. ताई फोनवर असली की तिचा आवाज थोडा लांबून, डब्यातून आल्यासारखा यायचा. "हात कामात आहेत गं, स्पीकरवर टाकलंय," ती म्हणायची. सहा वर्षं तिचे हात कामात होते.

धाकटीचं स्वतःचं काम शहरातल्या मोठ्या ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत. तिथं फाटकी पुस्तकं दुरुस्त होत. उसवलेले फर्मे, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचे जुडगे, सुटे करायचे, जुनी खळ ओल्या फडक्यानं काढायची, पानांच्या फाटक्या कडांना पातळ कागदाची पट्टी लावायची, पुन्हा शिवायचं, पुठ्ठा चढवायचा आणि दाबयंत्रात ठेवून द्यायचं. एकोणीस वर्षं ती हे करत होती. सुई हातात असली की तिचा हात कधी थरथरला नाही. पुस्तकं काही विचारत नाहीत, आणि विचारलं तरी उत्तराकडे टक लावून बघत बसत नाहीत.

या खोलीचे प्रमुख होते मास्तर. ते निवृत्त झाले आणि त्यांची जागा रिकामी झाली. त्या खुर्चीवर बसणाऱ्याच्या हातात एक गोष्ट होती: कुठलं पुस्तक दुरुस्त करायचं आणि कुठलं रद्दीत काढायचं, हे तो ठरवायचा. जागेसाठी दोन अर्ज आले. एक धाकटीचा. दुसरा खालच्या मजल्यावरच्या स्कॅनवाल्याचा. स्कॅनवाला बोलायला गोड, आणि त्याचं म्हणणं तो सगळ्यांना चहा पिता पिता सांगत फिरायचा: "फोटो काढा आणि फेकून द्या. शिवत कसले बसता?" तो प्रमुख झाला की आठवड्याभरात खळीचं भांडं, दाबयंत्र आणि सुया सगळं भंगारात जाणार, हे धाकटीला पक्कं ठाऊक होतं.

"अर्ज तर केलाय," तिनं ताईला सांगितलं होतं, "पण बोलणाऱ्याची बोरं विकतात, न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत. तो बोरंवाला आहे."

"तुझे गहू मी विकून देते," ताई म्हणाली. "समोर कोण आहे?"

"ग्रंथपाल बाई."

"बरं. मी ग्रंथपाल बाई, तू तू. कर सुरू."

त्या आठवड्यात नऊ तालमी झाल्या.

मुलाखत चांगली झाली. खरोखर चांगली झाली. ग्रंथपाल बाईंनी विचारलं, हाताखाली चार माणसं आली तर कसं सांभाळाल, तर धाकटीनं न अडखळता सांगितलं. 'माफ करा' एकदाच म्हणाली, तेही खुर्ची सरकवताना. बाईंच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. मग त्या म्हणाल्या, "आता शेवटचं. या वर्षीपासून नवीन पद्धत आलीय. पाच मिनिटं या टॅबलेटशी बोलायचं. आम्ही बाहेर थांबतो."

सगळे बाहेर गेले. टॅबलेटमधून मवाळ आवाज आला, "तुमच्या आयुष्यातला एखादा अवघड दिवस सांगा. घाई नाही."

आणि इथंच धाकटी फसली. दुसरा कुणी असता तर यंत्रासमोर सावरून बसला असता. पण तिला कसं वाटलं, तर हायसं वाटलं. समोर चेहरा नाही, नुसता आवाज, तोही थोडा लांबून, डब्यातून आल्यासारखा. सहा वर्षं असल्याच आवाजाशी तर ती मनातलं बोलत आली होती. ती खुर्चीत जरा सैल बसली आणि ताईशी बोलावं तशी बोलली. मास्तरांच्या निरोप समारंभात दोन शब्द बोलायचे होते आणि ती पुठ्ठे मोजण्याचं निमित्त करून कोठीच्या खोलीत जाऊन उभी राहिली होती, ते सांगितलं. पाच मिनिटं कधी संपली कळलं नाही. सगळ्या मुलाखतीत तिला आवडलेला भाग तेवढाच.

दोन दिवसांनी सकाळी कार्यालयातल्या कारकुनानं तिला बोलावून एक लिफाफा दिला. माणूस भला होता, पण भल्या माणसांना विनोद करायची फार हौस असते.

"चौऱ्याण्णव टक्के," तो म्हणाला. "आम्हाला शाळेत कधी एवढे पडले नाहीत."

धाकटी हसली. तिला वाटलं, पास झाली.

"म्हणजे तसं नाही," कारकून ओशाळला. "हे उलटं आहे. वाचा तुम्ही. प्रत द्यायचा नियम आहे. हरकत असेल तर आज पाचच्या आत लेखी द्यायची, कारणासकट, आणि बाईंना समक्ष भेटून सांगायचं. नाहीतर मग ते खालचे साहेब..." पुढचं त्यानं हातानंच दाखवलं.

खोलीत येऊन तिनं लिफाफा सुरीनं उघडला, पुस्तकाची जुनी शिवण कापावी तसा, हळूच. आत दोन पानं होती. पहिल्यावर लिहिलं होतं: सामाजिक चिंतेची शक्यता चौऱ्याण्णव टक्के. लोकांशी थेट संबंध येणारं पद देऊ नये, अशी शिफारस.

तिला वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही. खोटं तर काही नव्हतं. लहानपणापासून लोकांनी फुकटात सांगितलेलंच यंत्रानं आकड्यात सांगितलं होतं. तिनं पान उलटलं.

दुसऱ्या पानावर मथळा होता: हा निष्कर्ष कशावरून. खाली तिनं कोठीच्या खोलीबद्दल बोललेली काही वाक्यं होती, आणि त्याखाली लिहिलं होतं: यंत्राला शिकवायला वापरलेल्या साठ्यातला सर्वांत जवळचा नमुना, क्रमांक एक्केचाळीस.

'वडील गेले त्या दिवशी भेटायला माणसं आली होती. त्यांना काय सांगायचं ते मी न्हाणीघरात नळ सोडून आरशासमोर म्हणून बघत होते. हो, झोपेतच गेले. हो, झोपेतच गेले. अकरा वेळा म्हटलं. नळ चालू ठेवला, म्हणजे बाहेर ऐकू जायला नको. आणि मग बाहेर गेलेच नाही. तू एकटीच सगळ्यांशी बोलत होतीस.'

धाकटीनं ते एकदा वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून, बोट ठेवून.

न्हाणीघरातली ती गोष्ट जगात दोनच माणसांना माहीत होती. त्या दिवशी घरच्यांना वाटलं होतं, धाकटीचं डोकं दुखतंय. तीन आठवड्यांनी तिनं ती फोनवर सांगितली, ताईला, आणि ऐकताना ताई रडली होती. 'तू एकटीच' म्हणताना धाकटीचा आवाज चिरकला होता, ते तिला आठवलं. कागदावर चिरकणं दिसत नव्हतं. बाकी सगळं शब्दन् शब्द होतं. अकराचा आकडासुद्धा.

पानाच्या तळाशी बारीक अक्षरात यंत्र विकणाऱ्या कंपनीचं नाव होतं, आणि त्याहून बारीक अक्षरात 'मूळ संशोधन' असं लिहून ताईच्या संस्थेचं.

पायाखालची वाळू सरकते म्हणतात. तसं काही झालं नाही. जमीन होती तिथंच होती, खळीचं भांडं होतं तिथंच होतं. फक्त सहा वर्षांतला एकेक फोन तिला आठवायला लागला. डॉक्टरचा. बँकेचा. स्वयंपाकघरात बसून केलेला. जिन्यात उभं राहून केलेला. प्रत्येक वेळी तो लांबून येणारा आवाज, हात कामात आहेत गं. कामात तर होतेच. अंगावरचं पांघरूण कुणी भर बाजारात ओढून घ्यावं, तसं तिला झालं. हा कागद ग्रंथपाल बाईंनी वाचला. कारकुनानं वाचला. स्कॅनवाल्याच्या टेबलावर गेला नसेल कशावरून? कुणी परक्यानं केसानं गळा कापला असता तर त्याच्या नावानं बोटं मोडता आली असती. इथं आपलेच दात आणि आपलेच ओठ.

हरकतीचं कारण मात्र आयतंच हातात आलं होतं. यंत्र माझ्याच बोलण्यावर शिकलंय, तेही मला न विचारता. मग ते मला ओळखणार नाही तर कुणाला? एवढं लिहिलं की पुरे. अहवाल रद्द होईल. पण तसं लिहिलं, की ताईला तिच्या संस्थेत जाब विचारला जाणार, आणि सहा वर्षांचं काम ताईच्या अंगाशी येणार. न लिहावं, तर पाच वाजल्यानंतर ही खोली स्कॅनवाल्याची.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिनं डबा उघडला आणि तसाच बंद केला. एका माणसाशी अवघड बोलायचं होतं. आणि अशा वेळी तिचा हात गेली सहा वर्षं जे करत आला होता, तेच त्यानं केलं. तिच्या ध्यानात येईपर्यंत पलीकडे रिंग वाजत होती.

"बोल धाकटे," ताई म्हणाली, लांबून, डब्यातून. "मुलाखतीचं काही कळलं का?"

"कळेल आज."

"मग समोर कोण आहे?"

'तू' हा एवढासा शब्द. धाकटीच्या तोंडातून निघेना.

"एक बाई आहे," ती म्हणाली.

"कामावरची?"

"जवळची आहे."

"काय केलंय तिनं?"

"मी एक गोष्ट तिच्यापाशी विश्वासानं ठेवली होती. तिनं ती मला न विचारता दुसऱ्यांना देऊन टाकली. आता त्यावर लोकांचा धंदा चाललाय."

ताई भडकलीच. "शिवणाची पद्धत ना? मास्तरांनी फक्त तुला शिकवलेली? बघ, मी म्हणत नव्हते, तिथं कुणाला काही दाखवत जाऊ नकोस! कोण आहे ही भवानी? राहू दे, नाव नको सांगूस. मी ती, तू तू. कर सुरू."

धाकटीनं डोळे मिटले. "माफ करा, तुम्हाला वेळ आहे का? म्हणजे नसेल तर मी नंतर..."

"थांब, थांब. माफी कसली? चोर तो चोर वर शिरजोर, आणि माफी तू मागतेस? या वेळी एकसुद्धा 'माफ करा' नाही. पुन्हा."

"तुम्ही माझी गोष्ट मला न विचारता दुसऱ्यांना दिलीत."

ताईनं लगेच आवाज बदलला, गोड, समजूतदार. "अगं, पण एवढं मनाला काय लावून घेतेस? तुझं नाव कुठं घातलंय का मी? कुणाला कळणारसुद्धा नाही. आणि चांगल्या कामालाच लागली ना? तुझ्यासारख्या आणखी कितीतरी जणांना उपयोग होईल." क्षणभर थांबून ती आपल्या आवाजात म्हणाली, "बघ, ती असंच काहीतरी बोलणार. बधायचं नाही."

नळवाला करताना ताई अडायची, कंपाउंडर करताना हसायची. ही बाई तिनं कुठंही न अडता केली होती. हे बोलणं तिला पाठच होतं. स्वतःशी कितीदा म्हणून झालं असेल, कुणास ठाऊक.

"मग मी काय करू?" धाकटीनं विचारलं.

"लेखी दे. सरळ तिच्या वरच्यांना. तोंडी बोललीस की ती गुंडाळून टाकेल."

"जवळची आहे ती, ताई."

"म्हणून काय झालं? कुंपणच शेत खायला लागलं तर काय कुंपणाची पूजा करायची? चल, तिसऱ्यांदा. नीट, ठाम."

धाकटीनं डोळे उघडले. समोर दाबयंत्रात एक जाड पुस्तक होतं, सकाळीच शिवलेलं.

"बाबा गेले त्या दिवशी," ती म्हणाली, "मी नळ सोडून अकरा वेळा म्हणून बघितलं. हे मी जगात एकाच माणसापाशी बोलले होते."

पलीकडे खुर्ची मागे सरकवल्याचा आवाज आला.

"धाकटे," ताई म्हणाली. "तुला कुठं... कुणी दाखवलं?"

"माझ्या मुलाखतीच्या कागदावर आलंय. नमुना क्रमांक एक्केचाळीस. चौऱ्याण्णव टक्के पडले मला, ताई. ही जागा द्यायची नाही म्हणतात."

"ग्रंथालयानं घेतलंय? मला माहीत नव्हतं गं! कंपनी कुणाला विकते ते आम्हाला सांगत नाहीत. देवाशपथ माहीत नव्हतं." ताईचा श्वास लागला होता. "आधी हे फोन फक्त तुझ्यासाठीच साठवून ठेवत होते मी, तू किती सुधारतेस ते बघायला. मग नमुने कमी पडले. लोक आमच्यासमोर बसले की खरं बोलतच नाहीत, चांगलं दिसायला बघतात. खरं बोलणारी तू एकटी होतीस."

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस! तुला कधी कुणाला नाही म्हणता आलंय? मग तुझ्या हो ला काय अर्थ होता? म्हणून नाही विचारलं."

हे ताई मनापासून बोलली. तिला ते पटलेलं होतं, आणि धाकटीला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. सहा वर्षं जिच्या आधारावर ती उभी होती, त्या ताईनं तिचं उभं राहणं कधी खरं मानलंच नव्हतं.

"मग आता नाही म्हणते," धाकटी म्हणाली.

"लेखी देणार आहेस?" ताईचा आवाज बारीक झाला. "माझी नोकरी जाईल गं. आपण भेटून बोलू. रविवारी ये. मी एक संमतीपत्र करून ठेवते, मागची तारीख घालून..."

"लेखी दे, असं तूच म्हणालीस."

"मला कुठं माहीत होतं तू माझ्याबद्दल बोलतेयस ते!"

"म्हणून तर खरं बोललीस."

ताईच्या आवाजातला तो डब्यासारखा पोकळपणा धाकटीला पहिल्यांदाच नीट ऐकू आला.

"स्पीकरवर आहे मी?" तिनं विचारलं.

"हो," ताई म्हणाली.

"आणि रेकॉर्डिंग चालू आहे."

"सवयीनं गं. तुझा फोन आला की हात आपोआप... थांब, बंद करते."

"नको. हेही ठेव साठ्यात," धाकटी म्हणाली. "फक्त या वेळी नावं गाळू नकोस. माझंही नको आणि तुझंही नको."

तिनं फोन खाली ठेवला. भीती होती तिथंच होती; बरं काहीच झालं नव्हतं. ज्या कागदानं पानांच्या कडा सांधायच्या त्यातलाच एक कागद तिनं ओढला आणि त्यावर सात ओळी लिहिल्या. खाली सही केली. रडू आलं ते लिहून झाल्यावर, आणि तेव्हाही तिनं कागद बाजूला सरकवला, शाई फुटू नये म्हणून.

चार वाजून गेल्यावर ती जिना चढून ग्रंथपाल बाईंच्या दाराशी आली. आत कुणीतरी बोलत होतं, म्हणून जरा थांबली. खिशात फोन दोनदा वाजला, ताईचाच. तिनं तो बाहेर काढला नाही. आत जाऊन काय बोलायचं, कुठून सुरुवात करायची, हे तिला ठाऊक नव्हतं. यातलं एकही वाक्य तिनं कुणाला म्हणून दाखवलं नव्हतं. म्हणून दाखवायला आता कुणी उरलं नव्हतं.

तिनं दारावर टकटक केली.